लिव्हरचा कॅन्सर : आधी लिव्हर बघा, मग गाठ

वडिलांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘उजव्या भागात ४.२ सेंमीची गाठ’ अशी ओळ आली, तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : काढता येईल ना? त्या एका प्रश्नापायी आम्ही तीन आठवडे सोलापूर, पुणे, मुंबई असे फिरलो. शेवटी मुंबईत ज्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं, त्यांनी गाठीची फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, “यांचं अल्ब्युमिन किती आहे? पायांना सूज येते का? रात्री झोप कशी लागते?” आम्हाला वाटलं, हे भलतंच काय विचारताहेत. पण तेच प्रश्न बरोबर होते.

लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा एकाच अवयवात दोन दुखणी असतात. आधी हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर डायबिटीसबरोबर येणारं फॅटी लिव्हर यांमुळे लिव्हर वर्षानुवर्षं झिजत जाऊन निबर होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. मग त्या निबर लिव्हरमध्ये गाठ उगवते. गाठीवर जो काही उपचार कराल, त्याचा मार उरलेल्या लिव्हरला सोसावा लागतो. त्यामुळे दोन माणसांच्या गाठी अगदी सारख्या असल्या, तरी एकाला ऑपरेशन सांगतात, दुसऱ्याला गोळ्या आणि तिसऱ्याला ट्रान्सप्लांट. शेजारच्या काकांना काय दिलं, यावरून आपल्या माणसाचं ठरवू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. वीस वर्षांचा डायबिटीस होता. तरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस ‘प्यायचे का?’ असं हळूच विचारायचा, आणि ते ऐकून त्यांची मान खाली जायची. कारण कोणतंही असो, पेशंटसमोर हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारावा.

पायरी १ : हा लिव्हरचाच कॅन्सर आहे का?

लिव्हरमध्ये दिसणारी प्रत्येक गाठ लिव्हरची नसते. आतडं, स्वादुपिंड, स्तन किंवा फुफ्फुस इथला कॅन्सरही लिव्हरमध्ये पसरतो. तसं असेल तर उपचार मूळ जागेच्या कॅन्सरचे होतात आणि या लेखातलं पुढचं बरंचसं लागू पडत नाही. पित्तनलिकेतून निघणारा कॅन्सरही वेगळा असतो. इथे मी बोलते आहे ती हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाबद्दल. लिव्हरच्या स्वतःच्या पेशींपासून होणारा आणि सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार तोच. रिपोर्टवर ‘एचसीसी’ लिहिलेलं असतं.

यासाठी लागतो तो ट्रिपल फेज सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय. साधा सीटी चालत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध सोडल्यावर वेगवेगळ्या वेळी फोटो घेतात : रक्त धमनीतून येतं तेव्हा, आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं तेव्हा आणि त्यानंतर थोडं थांबून. एचसीसीची गाठ पहिल्या फोटोत झगझगीत उठून दिसते आणि नंतरच्या फोटोंत आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. सिरोसिस असलेल्या माणसात हे चित्र नीट दिसलं, तर निदानाला तेवढंच पुरतं. तुकडा काढून तपासायची, म्हणजे बायोप्सीची, बऱ्याचदा गरज नसते. रिपोर्टमध्ये ‘लाय-रॅड्स ५’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ हाच.

आमची पहिली चूक इथेच झाली. एका सेंटरमध्ये कॉन्ट्रास्ट देऊन पण एकाच वेळचे फोटो घेणारा सीटी काढला. तो पुढे कुणीच बघेना, दुसऱ्यांदा पैसे गेले आणि डायबिटीसने आधीच थकलेल्या किडनीवर कॉन्ट्रास्टचा भार दोनदा पडला. चिठ्ठीवर ‘ट्रिपल फेज’ हे शब्द आहेत का, ते बघून मगच अपॉइंटमेंट घ्या. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, झालेली असू द्या.

बायोप्सीबद्दलही घाई नको. सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका कमी असला तरी असतो, रक्तस्राव होऊ शकतो, आणि ट्रान्सप्लांटचा विचार चालू असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय सुई टोचू नये. सिरोसिस नसेल किंवा स्कॅनचं चित्र धूसर असेल, तर मात्र बायोप्सी लागतेच. तेव्हा ती टाळणं चूक.

एएफपी नावाची रक्ततपासणी होते. ती मदतीची आहे, निकालाची नाही. एएफपी नॉर्मल असूनही कॅन्सर असतो. तरीही उपचाराच्या आधी ती करून ठेवा, कारण पुढे आकडा उतरतोय की चढतोय हे कळायला सुरुवातीचा आकडा हाताशी लागतो.

पायरी २ : लिव्हरचे गुण मोजा

हे घरी कागदावर करता येतं आणि करावं. याला चाइल्ड-प्यू स्कोअर म्हणतात. पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण असतात. इथे कमी गुण म्हणजे चांगलं.

- बिलिरुबिन (काविळीचा आकडा) : २ च्या खाली १ गुण, २ ते ३ असेल तर २, त्याहून जास्त तर ३
- अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रोटीन) : ३.५ च्या वर १, २.८ ते ३.५ असेल तर २, त्याहून कमी तर ३
- आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) : १.७ च्या खाली १, १.७ ते २.३ असेल तर २, त्याच्या वर ३
- पोटात पाणी : नाही १, थोडं २, बरंच ३
- मेंदूवर परिणाम, म्हणजे गुंगी, बरळणं, दिवसा झोप आणि रात्री जाग : नाही १, सौम्य २, जास्त ३

बेरीज ५-६ आली तर ‘ए’, ७ ते ९ ‘बी’, १० ते १५ ‘सी’. ‘ए’मध्ये जवळपास सगळी दारं उघडी असतात. ‘बी’मध्ये बरीचशी अरुंद होतात. ‘सी’मध्ये गाठीवर मारा करण्याने माणूस लवकर जाण्याची भीती असते. तिथे ट्रान्सप्लांट शक्य आहे का, एवढाच मोठा प्रश्न उरतो.

याच्या जोडीला दोन गोष्टी बघतात. एक, पोर्टल शिरेतला दाब. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, प्लीहा वाढलेली, एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या असतील तर दाब वाढलाय असं समजतात. दुसरं म्हणजे माणूस दिवसभरात किती हिंडतो-फिरतो. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. ‘सगळं स्वतःचं स्वतः करतात’ असं अभिमानाने सांगून आम्ही डॉक्टरांची दिशाभूल केली होती, आंघोळीला आई मदत करत असताना.

हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या झाल्या आहेत ना, तेही पाहा. बी निघाला तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची गोळी गाठीचा उपचार कोणताही असला तरी लागते. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. त्यातून ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

पायरी ३ : एका डॉक्टरवर थांबू नका, टेबलवर जा

सर्जनकडे गेलात तर ऑपरेशनचं बोलणं होतं, ऑन्कॉलॉजिस्टकडे गेलात तर औषधाचं. यात कुणाचा खोटेपणा नसतो, पण प्रत्येकाला आपल्या हातातलं हत्यार आधी दिसतं. या आजारात सर्जन, लिव्हरचे डॉक्टर, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुई-नळीने उपचार करणारे), रेडिएशनवाले आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून केस बघायला हवी. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डात ठेवली का?’ हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा.

परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं टाटाचंच केंद्र अ‍ॅक्ट्रेक इथे हे होतं. मुंबई-पुण्यातल्या लिव्हर ट्रान्सप्लांट करणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलांतही होतं. गावाहून लगेच येणं जमत नसेल, तर ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यातल्या तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं. त्यासाठी रिपोर्टबरोबर स्कॅनच्या मूळ प्रतिमा लागतात. स्कॅनची सीडी सेंटरमधून मागून घ्या, कारण फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कामाचा नसतो.

बोर्डात बहुतेक ‘बीसीएलसी’ ही बार्सिलोनाची पद्धत वापरतात. ० आणि ए म्हणजे सुरुवात, बी म्हणजे लिव्हरमध्येच पण गाठी जास्त, सी म्हणजे शिरेत शिरलेला किंवा बाहेर पसरलेला, डी म्हणजे लिव्हर किंवा माणूस फार थकलेला. केस पेपरवर हे अक्षर दिसलं की निम्मं संभाषण कळतं.

पायरी ४ : गाठीवरचे उपचार

*कापून काढणं.* एकच गाठ, लिव्हर चाइल्ड-प्यू ‘ए’, पोर्टल शिरेतला दाब वाढलेला नाही : अशा पेशंटला ऑपरेशन चांगलं. इथे गाठीच्या आकारापेक्षा मागे काय उरणार हे महत्त्वाचं. निरोगी लिव्हरचा २० ते २५ टक्के भाग उरला तरी माणूस तरतो, सिरोसिसमध्ये साधारण ४० टक्के लागतो. उरणारा भाग कमी पडत असेल, तर काढायच्या बाजूची शीर आधी बंद करून चांगली बाजू काही आठवडे वाढू देतात. ऑपरेशन यशस्वी झालं तरी पाच वर्षांत सत्तर टक्क्यांपर्यंत पेशंटमध्ये गाठ पुन्हा येते, कारण माती तीच राहते. म्हणून नंतरच्या दर तीन-चार महिन्यांच्या स्कॅनला कंटाळू नका.

*जाळणं.* सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई गाठीत घालतात आणि रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने गाठ भाजून काढतात. ३ सेंमीपर्यंतच्या गाठीला हे उत्तम. २ सेंमीच्या आत असेल तर याचा निकाल ऑपरेशनच्या तोडीचा असतो. एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. गाठ मोठ्या शिरेला चिकटून असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवून नेतं. पित्ताशय किंवा आतड्याजवळ असेल तर त्यांना इजा व्हायची भीती. अशा वेळी काही ठिकाणी नेमकं रेडिएशन, म्हणजे एसबीआरटी, देतात.

*ट्रान्सप्लांट.* गाठ आणि सिरोसिस दोन्ही एकदम घालवणारा उपचार हा एकच. पण तो कुणाला द्यायचा याची चौकट १९९६ साली मिलानमध्ये ठरली आणि अजून तिचाच आधार घेतात : एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंमीच्या आत, मोठ्या शिरेत शिरकाव नाही, लिव्हरबाहेर काही नाही. गाठ त्याहून मोठी असेल, तर आधी दुसऱ्या उपचारांनी ती आखडते का बघतात आणि मग विचार करतात.

आपल्याकडे बहुतेक लिव्हर जिवंत दात्याकडून येतं. त्यामुळे हा निर्णय आख्ख्या घराचा होतो. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनुसार जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, पुतण्या, भाचा यांना द्यायचं असेल तर समितीची परवानगी लागते. दाता सज्ञान, साधारण पन्नास-पंचावन्नच्या आतला, निरोगी आणि जुळत्या रक्तगटाचा हवा. लिव्हरचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग जाऊ शकतो आणि तो दोन-तीन महिन्यांत बराचसा भरून येतो. दात्याच्या जिवाला धोका कमी आहे, पण शून्य नाही : उजवा भाग देताना साधारण हजारी दोन ते पाच. हे दात्याला एकट्याला बसवून सांगायला हवं. सासरच्यांच्या समोर, दिराच्या धाकात ‘हो’ म्हणणारी सून मी पाहिली आहे. प्रत्येक चांगल्या केंद्रात दात्याशी खासगीत बोलतात, आणि नकार द्यायचा असेल तर वैद्यकीय कारण पुढे करून त्याची लाज राखतात. दात्याने तिथे मन मोकळं करावं.

मृत दात्याच्या यादीसाठी नाव विभागीय समितीकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे जातं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर असे तिचे विभाग आहेत. नोंदणी ट्रान्सप्लांट केंद्रामार्फतच होते.

*रक्तवाहिनीतून.* लिव्हरला दोन रस्त्यांनी रक्त येतं, जवळजवळ तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून आणि बाकीचं धमनीतून. गाठ मात्र आपलं पोट बहुतेक धमनीवरच भरते. या एका फरकावर ‘टेस’चा उपचार उभा आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेतात, केमोचं औषध तिथे सोडतात आणि ती वाट बुजवतात. गाठीची उपासमार होते, लिव्हर पोर्टल शिरेवर जगतं. गाठी जास्त असतील, कापता येत नसतील, पण लिव्हर बऱ्यापैकी असेल, तर हा उपचार. कावीळ असताना किंवा मुख्य पोर्टल शीर बंद असताना तो घातक ठरू शकतो.

वडिलांचं हेच झालं, दोनदा. नंतरचे चार-पाच दिवस ताप, मळमळ, उजव्या कुशीत दुखणं. हे होणारच, असं आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. पण आठवड्यानंतरही हुडहुडी भरून ताप येत असेल, तर गाठीच्या जागी पू झाल्याची शक्यता असते. तेव्हा थेट हॉस्पिटल गाठा.

‘टेअर’मध्ये केमोऐवजी यिट्रियम-९० भरलेले सूक्ष्म मणी सोडतात. त्याचे किरण मांसात सरासरी अडीच मिलिमीटरच जातात आणि दर ६४ तासांनी त्याचं बळ निम्मं होतं. आधी एक चाचणी करून मणी फुफ्फुसात तर वाहून जाणार नाहीत ना, हे बघतात. पोर्टल शिरेच्या फांदीत कॅन्सर शिरला असेल तेव्हा याचा चांगला उपयोग होतो. मणी परदेशातून येतात म्हणून खर्च बराच. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी मणीही तयार केले आहेत. ते तुमच्या केंद्रात मिळतात का, विचारा.

पायरी ५ : अंगभर जाणारी औषधं

कॅन्सर शिरेत किंवा बाहेर गेला, किंवा टेसला दाद देईना, की औषधांचा टप्पा येतो.

पहिली गोळी सोराफेनिब, २००७ ची. तिच्या चाचणीत पेशंटचं मध्यम आयुष्य १०.७ महिने आलं, गोळीशिवाय ७.९. मध्यम म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले. तो आपल्या माणसाला मिळालेला मुक्कामाचा आकडा समजू नका. या गोळीची किंमत भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा परवाना, निघाला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तीच गोळी महिन्याला ८,८८० रुपयांत विकायची मुभा मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली तो निर्णय उचलून धरला. औषधाच्या दुकानात उभं राहून मला हे आठवायचं, आणि ती लढाई लढणाऱ्यांबद्दल मनातून कृतज्ञता वाटायची.

लेनव्हाटिनिब ही दुसरी गोळी. ६० किलो आणि वर वजन असेल तर दिवसाला १२ मिलिग्रॅम, खाली असेल तर ८. वजन बदललं की डॉक्टरांना सांगा. बीपी चढतं, जुलाब होतात, थायरॉइड मंदावतं. बीपीचं मशीन घरी आणा आणि वहीत लिहा. सोराफेनिबने तळहात-तळपाय सोलवटतात. पहिल्या दिवसापासून युरियाचं क्रीम, सैल चप्पल आणि कोमट पाणी. भेगा पडायची वाट बघू नका. त्रास झाला तर स्वतःहून गोळी बंद करू नका, डोस कमी करून उपचार चालू ठेवता येतो.

इम्युनोथेरपी आल्यावर चित्र बदललं. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी २०२० मध्ये आली. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून देतात. चाचणीत मध्यम आयुष्य १९.२ महिने, सोराफेनिबवर १३.४. पण बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधीच्या सहा महिन्यांतली एंडोस्कोपी हवी आणि फुगलेल्या शिरा आधी बांधून घ्यायला हव्यात. ज्यांना हा धोका जास्त, त्यांना २०२२ पासून ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅबच्या एकाच डोसची जोडी हा पर्याय आहे. ड्युर्व्हालुमॅबवरचं सीमाशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झालं.

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या शिपायांना मोकळं सोडणं. ते कधी आपल्याच घरावर चालून जातात. वारंवार जुलाब, नवा खोकला किंवा धाप, अंगभर पुरळ, वाढती कावीळ दिसली तर गावातल्या डॉक्टरांकडून नुसती जुलाबाची गोळी घेऊन बसू नका, उपचार करणाऱ्या टीमला त्याच दिवशी कळवा. ट्रान्सप्लांट झालेल्यांना ही औषधं सहसा देत नाहीत, नवं लिव्हर शरीर नाकारू शकतं.

पायरी ६ : पैशाचं आधी बोला

भरती व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या दारातल्या, सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण नेमका तुमचा उपचार त्या हॉस्पिटलात योजनेत बसतो का आणि मंजुरी आली का, हे आधी विचारायचं. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवणं फार अवघड जातं. गोव्यातल्या कुटुंबांनी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढून ठेवावं.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक न्यास इथेही अर्ज करता येतो, त्याला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. शेत विकायचा विषय निघालाच, तर त्याआधी डॉक्टरांना विचारा : या खर्चाने आजार बरा व्हायची आशा आहे, की काही महिने मिळणार आहेत? दोन्हींसाठी खर्च करणारी माणसं आहेत, पण हे कळून करावं.

पायरी ७ : घरी

‘लिव्हर खराब आहे, प्रोटीन बंद करा’ हा सल्ला जुना आणि चुकीचा. मांस झिजलं की माणूस उपचार सोसू शकत नाही. वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं : मूगडाळीचं धिरडं, दही, पनीर, अंडं, मासे, जे चालतं ते. लांब उपास नकोत, एकादशी असली तरी. रात्री झोपताना काहीतरी खाऊ द्या, पेजही चालेल. पोटात पाणी असेल तर लोणचं, पापड, फरसाण बंद. बुरशी लागलेले शेंगदाणे सगळ्यांनीच टाकून द्यावेत, त्यातलं अफलाटॉक्सिन या कॅन्सरचं एक कारण आहे.

दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नायमेसुलाइड नको. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून. काढे आणि ‘लिव्हर टॉनिक’बद्दल लोक प्रेमाने सांगतात, पण कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले आहेत. जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका.

पेशंट बरळू लागला, रात्र-दिवस उलटे झाले, की आधी शौच झालं का बघा. लॅक्ट्युलोजचं सिरप दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकं द्यायचं असतं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोटदुखीसह ताप, लघवी बंद होणं : यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास हलका करणाऱ्या, डॉक्टरांना शेवटी बोलावतात असा समज आहे. त्यांना पहिल्या महिन्यातच भेटा, उपचार चालू असतानाच. वडिलांना मॉर्फीन सुरू केलं तेव्हा आई घाबरली, सवय लागेल म्हणून. मोजून दिलेल्या डोसवर ते कितीतरी दिवसांनी पाय पसरून झोपले. मॉर्फीनबरोबर पोट साफ होण्याचं औषध हवंच, बद्धकोष्ठाने लिव्हरचा पेशंट गुंगीत जातो. मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात लोटलीला शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. दोन्हीकडे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जाताना रिपोर्टची फाइल, चालू औषधांची यादी आणि रात्री जवळ थांबणारं घरातलं एक माणूस बरोबर न्या.